चेंबूर ते बीकेसी रोज बसने: थेट गाडीची वाट पाहू नका, दोन गाड्या जोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरहून नोकरीसाठी मुंबईत आलेली एक मुलगी चेंबूरला भाड्याने राहते. ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, भारत डायमंड बोर्सजवळ, सकाळी साडेनऊचं. घराजवळच्या थांब्यावर थेट गाडीसाठी चाळीस-चाळीस मिनिटं उभं राहावं लागतं, आणि मग दोन-तीन गाड्या एकदमच येतात. पहिलीत पाय ठेवायला जागा नसते. रोज रिक्षा परवडत नाही. तिने चार गोष्टी विचारल्या आहेत. गाड्या अशा एकदम का येतात? थेट गाडी धरावी की बदलत जावं? गर्दीत नवख्या माणसाने कसं वागावं? आणि पुढच्या महिन्यात आई येणार आहे, तिला बसने शहर दाखवता येईल का?

मी बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या शहर बससेवेत, तेहतीस वर्षं होतो. पहिली सोळा कंडक्टर, मग स्टार्टर, शेवटी मार्गावर तपासनीस. स्टार्टर म्हणजे शेवटच्या थांब्यावरच्या चौकीत बसून गाड्या सोडणारा माणूस. त्या खुर्चीवरून रस्ता वेगळाच दिसतो. थांब्यावर उभ्या माणसाला एक गाडी दिसते, स्टार्टरला मार्गावरच्या सगळ्या गाड्यांची रांग डोळ्यांपुढे ठेवावी लागते. म्हणून पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. तो नीट कळला की पुढचं बरंच आपोआप सुटतं.

गाड्या एकदम येतात तेव्हा लोकांना वाटतं की चालकांनी कुठेतरी चहाला थांबून एकत्र निघायचं ठरवलंय. मी चौकीत असताना हे रोज ऐकायचो. खरं कारण साध्या हिशेबात आहे. समजा दर दहा मिनिटांनी गाडी आहे आणि एका थांब्यावर मिनिटाला तीन माणसं येतात. गाडी वेळेवर आली तर तीस माणसं चढतात. आता एका सिग्नलला किंवा मध्येच घुसलेल्या टेम्पोमुळे ती गाडी दोन मिनिटं मागे पडली. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी तीस नव्हे, छत्तीस माणसं उभी असतात. एका माणसाला चढायला चार सेकंद धरा. सहा माणसांची चोवीस सेकंदं आणखी गेली. त्याच्या पुढच्या थांब्यावर उशीर आणखी वाढलेला, म्हणून माणसंही आणखी वाढलेली. दहा थांब्यांत ती गाडी पार रेंगाळते. तिच्या मागची गाडी मात्र मोकळ्या थांब्यांवर येते, कारण पुढचीने सगळ्यांना उचललेलं असतं. ती भराभर पुढे सरकते आणि अर्ध्या वाटेत पहिलीच्या पाठीला येऊन चिकटते. यात चालकाचा दोष नाही. रस्ता गर्दीचा असेल तर हे होणारच, जगातल्या कुठल्याही शहरात.

याचा थांब्यावरच्या माणसाला किती त्रास होतो तेही बघा. वीस मिनिटांत दोन गाड्या, दोन्ही दहा-दहा मिनिटांनी आल्या, तर केव्हाही थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच दोन गाड्या दोन मिनिटांच्या अंतराने आल्या आणि मग अठरा मिनिटं काहीच नाही, तर सरासरी आठ मिनिटांच्या वर जाते, कारण बहुतेक माणसं त्या लांब मोकळ्या काळातच येऊन उभी राहतात. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, चालक-वाहक तेवढेच, आणि थांबणं दीडपटीहून जास्त. तुमच्या चाळीस मिनिटांचं मूळ हे आहे. कागदावर त्या मार्गाचं अंतर कदाचित वीस मिनिटांचं असेल.

म्हणून पहिली सवय लावून घ्या: खूप वेळाने गच्च भरलेली गाडी आली की लगेच तिच्या मागे बघा. तोच आकडा, म्हणजे त्याच मार्ग क्रमांकाची गाडी, दोन-तीनशे मीटरवर दिसला तर पहिलीला जाऊ द्या. मागची अर्धी रिकामी असते आणि बऱ्याचदा पहिलीला ओलांडून आधी पोचते. मागे काहीच दिसत नसेल तर मात्र हीच पकडा, दारात लटकावं लागणार नसेल तर. लटकून कधीही जाऊ नका. मी सोळा वर्षं मागच्या दाराशी उभा होतो, हात सुटलेली माणसं मी पाहिली आहेत.

याच कारणासाठी कधी कधी कंडक्टर मध्येच सांगतो, "ही गाडी इथपर्यंतच, पुढे जाणार नाही." माणसं चिडतात, चिडणं साहजिक आहे. पण स्टार्टरला दोन गाड्या चिकटलेल्या दिसल्या आणि उलट दिशेला अर्धा तास गाडीच नसली, तर तो एक गाडी अर्ध्यातून परत वळवतो. समोरच्या बाजूला शंभर माणसं ताटकळत असतात, त्यांच्यासाठी ते असतं. असं झालं तर तिकीट फेकू नका, कंडक्टरला मागच्या गाडीबद्दल विचारा आणि तिथेच थांबा, ती अगदी मागेच असते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर उत्तर अपुरं राहील. मी नोकरीला असताना एक काळ असा होता की बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. आज भाडेतत्त्वावरच्या धरूनही त्या आकड्याच्या पुष्कळ खाली आहोत. २०१९ साली कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या ३३३७ गाड्या कायम ठेवायचं ठरलं होतं, तो आकडा टिकला नाही. रस्त्यावर गाडी कमी असली की दोन गाड्यांतलं अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की वर सांगितलेला हिशेब दुप्पट जोराने लागू होतो. स्टार्टरच्या हातात गाडीच नसेल तर तो कितीही हुशार असला तरी काय करणार? मुंबईला गाड्या हव्या आहेत, भरपूर हव्या आहेत. हे मी माझ्या जुन्या घराबद्दल बोलावं तसं बोलतोय.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच मुख्य आहे.

बाहेरगावाहून आलेल्या माणसाला थेट गाडीचं फार आकर्षण असतं. एसटीची सवय. सोलापूरहून पंढरपूरला जाताना मध्ये गाडी बदलायची म्हणजे सामान, जागा, सगळीच कटकट, तिथे थेट गाडीच बरी. शहरात उलटं आहे. शहरातली थेट गाडी लांब मार्गाची असते, आणि मार्ग जितका लांब तितकी ती विस्कटते. शिवाय ती एकाच आकड्याची असते, ती चुकली की संपलं. त्याऐवजी असा रस्ता शोधा जिथे चार-पाच आकड्यांच्या गाड्या काही अंतर एकाच वाटेने जातात. प्रत्येक आकडा वीस मिनिटांनी असला तरी चार आकडे मिळून सरासरी दर पाच मिनिटांनी काहीतरी येतंच. गाडी शेवटी कुठे जाते याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही, पुढच्या जोडणीच्या नाक्यापर्यंत पोचायचं आहे.

मुंबईत ही जोडणी विशेष महत्त्वाची आहे, कारण लोकल उत्तर-दक्षिण धावते. पश्चिम, मध्य, हार्बर, तिन्ही लाइनी शहराच्या उभ्या अंगाने जातात. आडवं जायचं, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, तर वर्षानुवर्षं बसच होती. मेट्रो १ घाटकोपर-वर्सोवा २०१४ साली आली, त्याआधी घाटकोपर-अंधेरीची ३४० आणि कुर्ला-वांद्र्याची ३१० यांच्याशिवाय लाखो लोकांचं पान हलत नव्हतं. ३१० अजूनही तुमच्या कामाची आहे. कुर्ला स्थानक पश्चिमेहून निघते, बीकेसीतून जाते आणि वांद्रे पूर्वेच्या बसस्थानकात संपते. तुम्हाला बसायचं तिथे ती सुरू होते, आणि छोटी आहे. छोटी गाडी कमी विस्कटते. सुरू होणाऱ्या ठिकाणी चढायला मिळालं तर लाइन असते, आणि लाइनमध्ये नंबर लागला की जागा मिळते. मुंबईतली बसची लाइन ही चीज मला फार प्रिय आहे. कोणी पोलीस नाही, दोरी नाही, तरी तीस माणसं एकामागे एक उभी राहतात आणि मध्ये घुसणाऱ्याला मागचा माणूस शांतपणे सांगतो, "लाइन आहे."

तर तुमचा रस्ता असा. चेंबूरहून हार्बरची लोकल घ्या. मध्ये फक्त टिळकनगर, मग कुर्ला. गाडी पनवेलकडून भरून येते, चेंबूरला चढताना त्रास होईल, पण कुर्ल्याला निम्मी गाडी उतरते, त्यामुळे उतरायची काळजी नको. पूल चढून पश्चिमेला बाहेर या आणि ३१०च्या लाइनीत उभ्या राहा. बीकेसीला जाणारा दुसरा आकडा आधी लागला तर तोही चालेल, बोर्ड बघून कंडक्टरला विचारा. लोकल नको असेल तर चेंबूरहून कुर्ला पूर्वेपर्यंत बसने येऊन पूल ओलांडून पश्चिमेला जाता येतं, पण सकाळच्या वेळी त्यात पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा.

वेळेचं गणित: साडेनऊचं ऑफिस असेल तर सव्वाआठ ते साडेआठच्या दरम्यान चेंबूर स्थानकावर असा. पावणेनऊच्या आत कुर्ल्याच्या लाइनीत उभ्या राहिलात तर एक गाडी सोडावी लागली तरी चालेल. नऊनंतर त्या लाइनीत आलात तर गणित बदलतं. मी लोकांना नेहमी सांगतो की सकाळी घरातून दहा मिनिटं आधी निघालात तर ऑफिसात वीस मिनिटं आधी पोचता, कारण गर्दी सरळ रेषेत वाढत नाही, एकदम उसळते.

सायनवरून धारावीमार्गे कलानगरला जाणारा दुसरा रस्ता कोणी सुचवेल. पूर्वी मीही सुचवला असता, चेंबूरहून सायनला खूप आकडे जातात. पण सायनचा रेल्वेवरचा जुना पूल नव्याने बांधण्यासाठी १ ऑगस्ट २०२४ पासून बंद केला, तेव्हापासून त्या भागातल्या गाड्या वळसे घेऊन जाऊ लागल्या. पूल सुरू झाल्याची खात्री केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

संध्याकाळ वेगळी. सकाळी तुम्ही सुरुवातीच्या थांब्यावर चढता, संध्याकाळी मधल्या. सहा ते साडेसातच्या दरम्यान बीकेसीतली सगळी ऑफिसं सुटतात, आणि कुर्ल्याकडे जाणारी गाडी वांद्र्याहूनच भरून आलेली असते. अशा वेळी गाडी ज्या दिशेने येते त्या दिशेला, म्हणजे वांद्र्याच्या अंगाला, एक-दोन थांबे मागे चालत जा. पाच-सात मिनिटांची चाल आहे. तिथे गाडीत अजून जागा असते, आणि तुमचा नेहमीचा थांबा येईपर्यंत तुम्ही आत नीट उभ्या असता. ही युक्ती कुठल्याही मार्गाला लागू पडते. माझ्या गाडीत रोज संध्याकाळी एक बाई दोन थांबे मागे चालत येऊन चढायच्या, त्यांना सात वर्षांत मी एकदाही उभं पाहिलं नाही.

आता ठिकाणांच्या नावांबद्दल, कारण नवी माणसं इथे सगळ्यात जास्त अडकतात आणि कोणी त्यांना हे सांगत नाही. गाडीच्या बोर्डावर जे लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा कोणीच बोलत नाही, आणि लोक जे बोलतात ते बोर्डावर नसतं. बोर्डावर राणी लक्ष्मीबाई चौक दिसेल, ते सायन. आगरकर चौक म्हणजे अंधेरी स्थानक पूर्व. माहेश्वरी उद्यान म्हणजे किंग्ज सर्कल. वीर कोतवाल उद्यान म्हणजे दादरचं प्लाझा. विजय वल्लभ चौक म्हणजे पायधुनी. हुतात्मा चौकाला जुनी माणसं अजून फाउंटन म्हणतात. आणि खोदादाद सर्कलला सगळी मुंबई दादर टीटी म्हणते. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली, बोरीबंदर ते दादर. रूळ उखडले, डांबर पडलं, तीन पिढ्या गेल्या, आणि तरीही कालच्या पोराने ॲपवर तिकीट काढताना तोंडाने "दादर टीटी" म्हटलं की मला अंगावर काटा येतो. शहर असं बोलण्यात जपलं जातं. तुम्ही दोन्ही नावं शिका, बोर्डावरचं वाचायला आणि बोलण्यातलं विचारायला.

विचारताना इमारतीचं नाव सांगू नका, थांब्याचं सांगा. "मास्तर, अमुक बँकेजवळ जाते का?" असं विचारलं तर कंडक्टर गोंधळतो, कारण बीकेसीत प्रत्येक कोपऱ्यावर बँक आहे. "डायमंड बोर्सला थांबते का?" असं विचारा, अर्ध्या सेकंदात मान हलेल, हो किंवा नाही. पहिल्या आठवड्यात ऑफिसमधल्या कुणाकडून तुमच्या थांब्याचं, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या थांब्याचं नाव विचारून घ्या. आधीचं नाव फार महत्त्वाचं. ते कानावर पडलं की उठायचं.

आकड्यांतही थोडी भाषा असते. ढोबळमानाने दोनशेच्या आतले आकडे शहरातले, दोनशेचे पश्चिम उपनगरांतले, तीनशे-चारशेचे पूर्व उपनगरांतले आणि पूर्व-पश्चिम जोडणारे, पाचशेचे नवी मुंबईकडचे, सातशेचे मीरा-भाईंदर, ठाण्याच्या अंगाचे. अपवाद पुष्कळ आहेत, पण रात्री अनोळखी नाक्यावर उभं असताना ५०५ दिसली तर ती खाडीपलीकडे जाण्याची शक्यता आहे, एवढं तरी कळतं. आकड्याआधी ए असेल तर वातानुकूलित. लिमिटेड असेल तर ती सगळ्या थांब्यांवर थांबत नाही. लिमिटेडने लांबचा पल्ला लवकर होतो, पण तुमचा थांबा तिच्या यादीत आहे का ते चढण्याआधी विचारा, चढल्यावर नव्हे. मी कंडक्टर असताना सर्वांत जास्त वाद याच एका गोष्टीवरून व्हायचे.

ॲपबद्दल. चलो ॲपवर गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसतं, ही आमच्या काळात नसलेली मोठी सोय आहे, जरूर वापरा. फक्त "आठ मिनिटांत येईल" यावर विसंबू नका. मिनिटं हा अंदाज असतो, पुढच्या सिग्नलला काय होणार ते ॲपला ठाऊक नसतं. त्याऐवजी गाडी किती थांबे मागे आहे ते बघा. तीन थांब्यांच्या आत असेल तर ती येते. दहा थांबे मागे असेल तर मिनिटं कितीही दाखवोत, दुसरा पर्याय शोधा. आणि दिशा तपासा, समोरच्या बाजूला जाणारी गाडी आपलीच समजून माणसं उगाच खूश होतात.

गर्दीत कसं वागावं याला नियम थोडेच आहेत, पण ते पाळले तर प्रवास निम्म्याने सोपा होतो. जुन्या लाल गाड्यांत मागून चढायचं आणि पुढून उतरायचं. आता काही गाड्यांत पुढूनही चढतात, तेव्हा दारावर काय लिहिलंय आणि रांग कुठल्या दाराशी आहे ते बघा. चढल्याबरोबर दाराशी थांबू नका, आत जा. "पुढे चला, पुढे चला" हे मी लाखो वेळा म्हटलं असेन. लोकांना वाटतं दाराशी उभं राहिलं तर उतरायला सोपं. प्रत्यक्षात प्रत्येक थांब्यावर चढणारे-उतरणारे तुम्हालाच ढकलतात, तुमचा पाय तुडवला जातो, पाकीट जातं तेही दाराशीच. मधल्या भागात हवा असते, दांडा असतो, आणि कोणीतरी उठलं की सीटही तिथेच मिळते. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. एका हाताने वरचा दांडा, दुसऱ्याने सॅक. पाय थोडे फाकवून एक पुढे एक मागे ठेवा, कारण गाडी ब्रेक मारते तेव्हा माणूस पुढे पडतो, बाजूला नाही.

उतरायच्या दोन थांबे आधी सरकायला लागा आणि समोरच्याला विचारा, "उतरायचंय?" हो म्हणाला तर त्याच्या मागे राहा, नाही म्हणाला तर तो बाजूला होईल. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पायरीवरून पाय काढू नका. उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू नका. चालकाला तुम्ही दिसत नाही आणि बाजूने येणाऱ्या मोटारसायकलला तर मुळीच दिसत नाही.

रात्री उशीर झाला तर कंडक्टरच्या जवळची सीट घ्या, कंडक्टर नसलेल्या गाडीत चालकाच्या मागची. काही त्रास झाला तर कुजबुजू नका, मोठ्याने बोला: "मास्तर, गाडी थांबवा." कंडक्टर लक्ष देतो, आणि गाडीतली माणसंही उठतात. मी रात्रपाळीत हे अनुभवलंय. एखादी बाई बोलली की सगळी गाडी तिच्या बाजूने उभी राहते.

भाड्याचं म्हणाल तर ९ मे २०२५ पासून पहिल्या पाच किलोमीटरला साध्या गाडीत १० रुपये आणि वातानुकूलित गाडीत १२. त्याआधी सहा वर्षं ते ५ आणि ६ होतं. कुर्ल्याहून तुमचा पल्ला छोटाच आहे. पास घ्यावा का? पासाच्या महिन्याच्या रकमेला तुमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या भाड्याने भागा. उत्तर तुमच्या कामाच्या दिवसांपेक्षा कमी आलं तरच घ्या. तुम्ही निम्मा पल्ला लोकलने करणार, म्हणून आधी लोकलचा पास, बसला सुटं तिकीट किंवा कार्ड. सुटे पैसे जवळ ठेवा. सकाळी पावणेनऊला पाचशेची नोट काढली की मागची वीस माणसं खोळंबतात.

पावसाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जून लांब नाही. मोठा पाऊस पडला की काही ठिकाणी गाड्या ठरलेल्या पर्यायी वाटेने वळवतात: हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, सायनचा रोड नंबर २४. गांधी मार्केटला पाणी आलं की गाडी भाऊ दाजी मार्गाने जाते. अशा दिवशी मधले थांबे चुकतात, तेव्हा चढतानाच विचारा की गाडी वळवलीय का. आणि गाडी पाण्यात अडकली तर घाईने उतरू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माझी गाडी कलिन्याजवळ दुपारी उभी राहिली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच हलली. पन्नासच्या वर माणसं आत होती. पहिल्या तासात दोघं उतरून चालत जायला निघाले, तेव्हा माझा चालक दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "पाण्याखाली गटार उघडं असेल. मी तुम्हाला उतरू देणार नाही." रात्री शेजारच्या चाळीतून लोक कमरेएवढ्या पाण्यातून काठी टेकत खिचडीचं पातेलं घेऊन आले. त्यांना रस्ता पाठ होता, आम्हाला नव्हता. सकाळी सगळी माणसं धडधाकट उतरली. अनोळखी रस्त्यावर वाहत्या पाण्यात पाऊल टाकू नका, एवढंच त्यातून घ्या.

आता आई. जरूर दाखवा, बसनेच दाखवा. लोकलच्या खिडकीतून शहराची पाठ दिसते, बसच्या खिडकीतून तोंड दिसतं. रविवारी सकाळी निघा, आठ-साडेआठला. रस्ते मोकळे असतात आणि सीट मिळते. सीएसएमटीपर्यंत लोकलने या, तिथून ए-११५ ने एनसीपीएला, म्हणजे नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राला, जा. ही विजेवर चालणारी डबलडेकर, २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. जुन्या डिझेलच्या डबलडेकर १९३७ पासून होत्या, त्यातली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला धावली. त्या दिवशी मी नातवाला घेऊन गेलो होतो, लोकांनी गाडीला हार घातले होते. नव्या गाडीच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर फार छान, पण आईंचे गुडघे दुखत असतील तर जिन्याचा हट्ट नको, खालीही काच मोठी आहे.

एनसीपीएला उतरून समुद्र बघा, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. दुपारचं ऊन चढण्याआधी कुलाब्याकडे जाणारी गाडी धरा आणि अफगाण चर्चच्या बाजूला जा. मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ ला तिथूनच निघाली होती, क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. परतताना तीच वाट धरून मार्केटला उतरा, आईंना भाजी-फळांचा जुना बाजार आवडेल. आणि कुठेही उतरायच्या दोन थांबे आधी कंडक्टरला सांगून ठेवा, "मास्तर, आई उतरणार आहेत, जरा वेळ लागेल." तो दारापाशी येऊन उभा राहील, आणि आईंचे दोन्ही पाय फुटपाथवर टेकेपर्यंत डबल घंटी मारणार नाही.